शर्यतीतील लबाडी आणि न्याय्य शिक्षा

(तंत्रविद्यालयाच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





बक्षिसे वाटण्याच्या दिवशी पाहुण्याने शिक्षेवर बोलावे, हे आपल्याला थोडे विपरीत वाटेल. पण बक्षीस आणि शिक्षा ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. कॉपी करणारा आणि रात्र जागून अभ्यास करणारा हे दोघेही जेथे सारख्याच मानाने व्यासपीठावर येतात, तेथील बक्षिसाला काय किंमत उरणार? आणि जेथे नुसत्या संशयावरून शिक्षा होते, तेथील मुलांना प्रामाणिकपणाची गोडी कोठून लागणार? म्हणून लबाडीला शिक्षा असावी, एवढे म्हणून भागत नाही. ती न्याय्य असावी लागते. न्याय्य म्हणजे नेमकी कशी, एवढ्या एकाच प्रश्नाचा आज आपण विचार करू.

तुमची रोजची गाठ इंजिन, गिअर आणि व्हर्निअर कॅलिपरशी पडते. म्हणून मी उदाहरणे घेतली आहेत ती मोटार शर्यतींच्या जगातली. हा खेळ युरोप-अमेरिकेत वाढला. आपल्यापैकी फार थोड्यांनी तो प्रत्यक्ष पाहिला असेल. पण यंत्रातली लबाडी आणि तिची शिक्षा यांवर त्या जगात जितका खल झाला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कोठे झाला असेल.

मोटारीची शर्यत एकाच वेळी दोन ठिकाणी चालू असते. एक रस्त्यावर, चालकांमध्ये. दुसरी कारखान्यात, इंजिनिअरांमध्ये. गाडीचे वजन कमीत कमी किती असावे, रुंदी किती असावी, इंजिनाने हवा किती घ्यावी, इंधन कोणते वापरावे, हे सारे नियमांच्या पुस्तकात लिहिलेले असते. १९०४ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, ज्याला एफ. आय. ए. म्हणतात, तो या खेळाचा कारभार पाहतो. शर्यत संपली की तपासनीस गाडी काट्यावर चढवतात, पट्टी लावतात, भाग उघडून पाहतात. जुन्या इस्लामी नगरांत बाजारातील वजनमापे तपासणारा एक अधिकारी असे, त्याला मुहतसिब म्हणत. शर्यतीचा तपासनीस हा त्या मुहतसिबाचाच भाऊबंद समजा. माप मारणे ही किती गंभीर बाब आहे हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. कुरआन शरीफमध्ये मापात फसवणाऱ्यांच्याच नावाची एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन.

आता नियमाबाहेरची प्रत्येक गोष्ट एकाच जातीची नसते. माझ्या मते तिचे तीन प्रकार आहेत, आणि या तिन्हींची गल्लत झाली की अन्याय होतो.

पहिला प्रकार पळवाटेचा. १९७८ सालच्या जून महिन्यात स्वीडनमधील अँडरस्टॉर्प येथे फॉर्म्युला वन शर्यत झाली. ब्रॅभम संघाचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी गाडीच्या मागे एक मोठा पंखा बसवला होता. हा पंखा गाडीखालची हवा खेचून घेई, त्यामुळे गाडी जमिनीला जणू चिकटून राही आणि वळणावर इतरांपेक्षा वेगाने जाई. हवेच्या दाबाचा फायदा घेण्यासाठी हलते भाग वापरू नयेत असा नियम होता. मरे यांचे म्हणणे असे की, पंख्याचे मुख्य काम इंजिन थंड ठेवणे हे आहे. गाडी जमिनीला चिकटते हा त्याचा दुय्यम परिणाम. निकी लाउडाने ती शर्यत अर्ध्या मिनिटाहून अधिक अंतराने जिंकली. विरोधी संघांनी गिल्ला केला. शेवटी काय झाले? लाउडाचा विजय कायम राहिला, गाडी माघारी घेण्यात आली आणि पुढे तसल्या पंख्यांना मनाई झाली. ती गाडी पुन्हा कधीच शर्यतीत उतरली नाही.

मला हा निकाल योग्य वाटतो. पंखा लपवलेला नव्हता. तो सर्वांच्या डोळ्यांसमोर फिरत होता. ज्याला वाद घालायचा होता त्याला वाद घालता येत होता. कुंपणाला भगदाड राहिले असेल तर आधी कुंपण दुरुस्त करावे. भगदाडातून उघड्यावर गेलेल्याला दरोडेखोर म्हणून फटके मारू नयेत. अर्थात मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये हेही खरेच. पण खणणे आणि चोरणे यांत फरक आहे.

दुसरा प्रकार हेतू नसताना झालेल्या चुकीचा. येथे दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. १९७६ साली स्पेनची शर्यत जेम्स हंट याने जिंकली. मोजमापात त्याची मॅक्लारेन गाडी ठरलेल्या रुंदीपेक्षा १.८ सेंटिमीटरने जास्त भरली. गाडी बाद झाली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या लाउडाला विजय मिळाला. संघाने अपील केले. एवढ्या फरकाने गाडीला काही लाभ होत नाही, चूक किरकोळ आहे, असा युक्तिवाद झाला. अपील मान्य होऊन दंडावर भागले आणि विजय हंटला परत मिळाला. वर्षअखेर हंटचे गुण ६९ झाले आणि लाउडाचे ६८. जगज्जेतेपद हंटला गेले. त्या काळी विजयाला ९ आणि दुसऱ्या क्रमांकाला ६ गुण मिळत. स्पेनचा पहिला निर्णय कायम राहिला असता तर हिशेब उलटा झाला असता. हंटचे ६० आणि लाउडाचे ७१. त्या वर्षी इतरही पुष्कळ घडले. लाउडाला जीवघेणा अपघात झाला आणि त्यातून उठून तो पुन्हा शर्यतीत उतरला. पण आकडे आकडेच असतात. हंटवर दाखवलेल्या दयेची किंमत लाउडाने मोजली.

दुसरे उदाहरण अलीकडचे. २८ जुलै २०२४ रोजी बेल्जियमची शर्यत मर्सिडीज संघाच्या जॉर्ज रसेलने जिंकली. फक्त एकदाच टायर बदलून त्याने ती मोठ्या हिमतीने जिंकली होती. गाडीतील इंधन काढून घेऊन वजन केले तेव्हा ते ७९६.५ किलो भरले. किमान वजन हवे होते ७९८ किलो. अवघ्या दीड किलोची तूट. संघाने बुद्ध्या काही केले असे कोणी म्हटले नाही. तरीही रसेल बाद झाला आणि विजय त्याचाच सहकारी लुईस हॅमिल्टन याला गेला. संघाने चूक मान्य केली.

तुम्ही म्हणाल, दीड किलोसाठी एवढी कठोरता? मी म्हणतो, होय. कारण रसेलला झाली ती शिक्षा नव्हेच. काट्यावर कमी भरलेला माल दुकानदाराला परत घ्यावा लागतो, तेवढेच ते. त्याला पुढच्या शर्यतीत बंदी झाली नाही, कोणी त्याला लबाड म्हटले नाही. लाभ परत घेणे ही एक गोष्ट आणि शिक्षा देणे ही दुसरी. लाभ परत घेताना हेतू विचारायचा नसतो. फक्त काटा पाहायचा असतो. शिक्षा देताना मात्र हेतू, म्हणजे आपण ज्याला नियत म्हणतो ती, पाहावीच लागते. हा फरक ध्यानात ठेवला की निम्मे वाद मिटतात. १९७६ साली दया दाखवायचीच होती तर ती शिक्षा माफ करून दाखवता आली असती. दुसऱ्याच्या ताटातला विजय उचलून देणे ही दया नव्हे.

आता तिसरा प्रकार, खऱ्या फसवणुकीचा. १९९५ साली जागतिक रॅली स्पर्धेत टोयोटा संघाच्या सेलिका गाड्या धावत होत्या. या गाड्यांच्या इंजिनाला टर्बो असतो. तो जास्तीची हवा कोंबून शक्ती वाढवतो. वेग हाताबाहेर जाऊ नये म्हणून नियम होता की, टर्बोत जाणारी सारी हवा ३४ मिलिमीटर व्यासाच्या एका कड्यातूनच गेली पाहिजे. कडे अरुंद, म्हणजे हवा मर्यादित, म्हणजे शक्ती मर्यादित. स्पेनमधील कॅटलोनिया रॅलीच्या वेळी तपासनीसांनी टोयोटाचा टर्बो उघडला. कडे ३४ मिलिमीटरचेच होते. पण ते जागच्या जागी स्थिर नव्हते. आत स्प्रिंगा बसवल्या होत्या. हवेची नळी जोडून घट्ट केली की कडे सुमारे ५ मिलिमीटर सरके आणि बाजूच्या फटीतून चोरटी हवा आत शिरे. तपासणीसाठी नळी काढू लागले की कडे पुन्हा मूळ जागी बसे आणि फट बंद होई. गाडी धावताना लबाड, उघडून पाहिली तर साधू!

यंत्र म्हणून ते अप्रतिम होते, यात शंका नाही. ज्याने ते घडवले त्याच्या हातात मोठी कला होती. म्हणूनच मला त्याचे अधिक वाईट वाटते. पण पंखा आणि हे कडे यांतील फरक पाहा. पंखा तपासनीसासमोर जसा होता तसाच शर्यतीत होता. कड्याला दोन तोंडे होती. एक शर्यतीसाठी, एक तपासनीसासाठी. फसवणुकीची खूण हीच. जी वस्तू तपासणीच्या वेळी एक आणि कामाच्या वेळी दुसरी असते, तिच्यामागची नियत शोधायला फार लांब जावे लागत नाही. ती यंत्रातच कोरलेली असते. २०१५ साली फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांचे प्रकरण उघडकीस आले, तेही याच जातीचे. धुराची चाचणी चालू आहे हे गाडीतील संगणकाला कळे आणि तेवढ्यापुरती गाडी स्वच्छ धूर सोडी. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही योजना होती. शर्यतीच्या मैदानात होणारी लबाडी रस्त्यावर आली की ती साऱ्यांच्या फुप्फुसांत जाते.

टोयोटाला शिक्षा काय झाली? १९९५ मधील सारे गुण काढून घेतले आणि १२ महिन्यांची बंदी घातली. चालक युहा कान्कुनेन हा तेव्हा विजेतेपदाच्या आघाडीच्या दावेदारांपैकी होता. चालकांना या करामतीची माहिती होती असा ठपका महासंघाने ठेवला नाही. तरीही त्यांचे गुण गेले. हे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे झाले काय? मला तसे वाटत नाही. गुण चोरट्या हवेवर मिळालेले होते, ते परत जाणे भाग होते. पण चालकांवर व्यक्तिशः बंदी घातली नाही, त्यांना लबाड ठरवले नाही. लाभ सर्वांकडून परत घेतला, शिक्षा मात्र ज्याने यंत्र बनवले आणि बसवले त्या संघाला केली. कान्कुनेनला दुःख झाले असेलच. पण ते दुःख त्याला तपासनीसाने दिले नाही, त्याच्याच घरच्यांनी दिले. मुलांनो, लबाडी करणारा एकटा बुडत नाही. विश्वासाने त्याच्या नावेत बसलेल्यांना घेऊन बुडतो.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बंदीला मुदत होती. १९९७ साली टोयोटा नव्या गाडीसह रॅलीच्या मैदानात परतली आणि १९९९ साली उत्पादकांचे विजेतेपद तिने जिंकले. न्याय्य शिक्षेला शेवट असतो. ती परतीचे दार लावून घेते, पण भिंत बांधून बुजवत नाही. तौबेला वाव ठेवत नाही ती शिक्षा नव्हे, सूड.

येथवर शिक्षेच्या मापाविषयी बोललो. आता शिक्षा देणाऱ्या हाताविषयी. १९८४ साली टिरेल हा फॉर्म्युला वनमधील एक लहान संघ होता. इतर संघांकडे टर्बो इंजिने आली होती. टिरेलकडे जुनेच साधे इंजिन होते. गाडीचे किमान वजन ५४० किलो हवे. टिरेलची गाडी शर्यतीत हलकी धावे आणि अखेरीस थांबून पाण्याची टाकी भरून घेई. पाण्याबरोबर शिशाचे छर्रेही आत जात, म्हणजे शेवटी वजन बरोबर भरावे. याला मी साळसूदपणा म्हणणार नाही. हा काटा मारण्याचाच प्रकार होता. डेट्रॉइटच्या शर्यतीत मार्टिन ब्रंडल दुसरा आला आणि त्यानंतर प्रकरण उघडकीस आले. पण खटला कसा चालला ते पाहा. प्रथम आरोप ठेवला की, पाण्यात बेकायदा इंधन मिसळले आहे. फेरतपासणीत ते प्रमाण अगदी नगण्य निघाले. मग भर शिशाच्या छर्ऱ्यांवर आला. आरोप पातळ झाला, शिक्षा मात्र पातळ झाली नाही. साऱ्या वर्षाचे निकाल रद्द आणि शेवटच्या ३ शर्यतींत बंदी!

याच काळात इंधनाच्या मर्यादेचा प्रश्न चालू होता. पुढच्या वर्षी ती २२० लिटरांवरून १९५ वर यायची होती. टर्बोवाल्या संघांना ती घट नको होती. ती टाळायला सर्व संघांचे एकमत हवे होते आणि टिरेल आडवा आला होता. टिरेल स्पर्धेबाहेर गेला आणि अडसर दूर झाला. दोन्ही गोष्टींचा संबंध सिद्ध करून दाखवता येणार नाही. पण ज्यांच्या फायद्याआड कोणी येतो त्यांच्याच गोतावळ्यात त्याचा निवाडा झाला, तर खऱ्या गुन्हेगाराविषयीसुद्धा लोकांना कणव वाटू लागते. टिरेलची लबाडी लोक विसरले, त्याच्यावरचा अन्याय त्यांच्या लक्षात राहिला. हे शिक्षेचे अपयश होय.

याच्या उलट टोक पाहा. २०१९ साली फेरारी या सर्वांत जुन्या आणि प्रतिष्ठित संघाच्या इंजिनाविषयी शंका घेतल्या गेल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये महासंघाने जाहीर केले की, चौकशी पूर्ण झाली असून फेरारीशी तडजोड झाली आहे. तपशील गुप्त राहील. पुढे महासंघाने असेही सांगितले की, आपले पूर्ण समाधान झालेले नाही, परंतु नियमभंग निःसंशय सिद्ध करणे शक्य नाही. इतर ७ संघांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. फेरारीने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. ते सिद्ध झालेले नाही. पण निर्दोष असेल तर गुप्ततेमुळे त्याचे नाव साफ झाले नाही, आणि दोषी असेल तर त्याला शिक्षा झाली नाही. बंद दाराआडचा इन्साफ दोघांनाही पुरा पडत नाही.

लहानाचा खटला उघड्यावर आणि थोराचा पडद्याआड, ही तऱ्हा जुनी आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ती हदीस ठाऊक आहे. एका प्रतिष्ठित घराण्यातील स्त्री चोरीत सापडली, तेव्हा तिच्यासाठी रदबदली करायला लोकांनी पैगंबर साहेबांच्या (स.) अत्यंत लाडक्या माणसाला पुढे केले. पैगंबर साहेबांना (स.) ती शिफारस मुळीच आवडली नाही. घराणे पाहून माप बदलणे यातच पूर्वीच्या समाजांचा नाश त्यांनी दाखवून दिला. शर्यतीच्या पंचांनी, परीक्षेच्या पर्यवेक्षकांनी आणि संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी हा प्रसंग रोज आठवावा, इतक्या मोलाचा आहे.

मोजून दिलेल्या शिक्षेचेही एक उदाहरण देतो. २०२० साली रेसिंग पॉइंट या संघाने ब्रेकला हवा पुरवणाऱ्या भागांची रचना स्वतः न करता मर्सिडीजच्या आदल्या वर्षीच्या रचनेवरून घेतली, असे ठरले. तो भाग प्रत्येक संघाने स्वतः आखावा असा नियम त्याच वर्षी लागू झाला होता. पंचांनी संघाचे १५ गुण कापले आणि ४ लाख युरो दंड केला. चालकांचे गुण राखले. वर्षअखेर मॅक्लारेनचे २०२ गुण झाले आणि रेसिंग पॉइंटचे १९५. ते १५ गुण गेले नसते तर तिसरे स्थान रेसिंग पॉइंटचे होते. श्रीमंत संघाला पैशाचा दंड म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्याची सोय. गुणांचा दंड मात्र जेथे लागायला हवा तेथेच लागतो. या निकालावर काही संघ रुष्ट झाले, कारण तेच भाग पुढे वापरण्याची मुभा राहिली. तेवढा भाग मलाही पटत नाही. परंतु कारणे लेखी देऊन, आकडा सांगून, संघ आणि चालक यांत भेद करून दिलेला निकाल चुकला तरी दुरुस्त करता येतो. गुप्त निकाल दुरुस्तही करता येत नाही.

मित्रहो, हे सारे तुमच्या कार्यशाळेपासून लांबचे नाही. उद्या तुमच्यापैकी कोणाचा जॉब मापात बसला नाही, तर शिक्षकांनी तो परत करावा. त्यात अपमान नाही. कोणी प्रश्नपत्रिकेतील संदिग्ध शब्दाचा फायदा उठवला, तर पुढच्या वेळी शब्द सुधारावा. मुलाला झोडपू नये. कोणी दुसऱ्याचा जॉब आपला म्हणून पुढे केला, तर मात्र त्याला शिक्षा व्हावी. तो अध्यक्षांचा भाचा असो की हमालाचा मुलगा, माप तेच. एकाने कॉपी केली म्हणून साऱ्या वर्गाला संशयाच्या पिंजऱ्यात उभे करू नये. आणि शिक्षा भोगून झालेल्या मुलाला वर्षानुवर्षे बोट दाखवू नये.

आपल्यासारख्या संस्थेला याची निकड अधिक आहे. येथे शिकणाऱ्या कित्येक मुलांच्या घरातले हे पहिलेच प्रमाणपत्र आहे. त्या कागदामागे वडिलार्जित कारखाना नाही की ओळखीपाळखी नाही. त्याच्यामागे आहे तो एकच आधार. या संस्थेने दिलेले माप खरे आहे हा विश्वास. एका खोट्या प्रमाणपत्राने तो तडकतो, आणि एका अन्याय्य शिक्षेनेही तितकाच तडकतो. ही सर्वांची अमानत आहे. नोकरी देणारा तुमचा कागद हातात घेईल तेव्हा त्यावर बसवलेले कडे तपासणीच्या वेळी आणि कामाच्या वेळी एकाच जागी असू द्या.

आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. ज्यांना मिळाली नाहीत पण ज्यांनी माप मारले नाही, त्यांचे त्याहून अधिक. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.